थंड पाण्याची देवी

आईनं इथं अमेरिकेत कायमचं राहावं म्हणून मी तिच्या किती मागे लागले असेन. वडील गेल्यावर पुण्यात तिचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. पण ग्रीन कार्डाचा विषय काढला की ती कुकर लावायला उठायची. एकदाच म्हणाली, "तुमच्याकडे मेलेल्या माणसाला थांबवून ठेवतात." जवळच्या एडिसन गावातल्या एका काकूंचा देह मुलगा येईपर्यंत फ्युनरल होममध्ये ठेवला होता, ते तिच्या मनातून जात नव्हतं. "तिथं एकटीच गं ती," म्हणे. मी चिडले.

त्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही म्युझियमला गेलो. बाहेर बर्फ भुरभुरत होता आणि इजिप्तच्या दालनात मंद पिवळा उजेड होता. माणसं पाण्याखाली चालावीत तशी हळू चालत होती. काचेमागच्या निळ्या मण्यांकडे बघता बघता माझेही डोळे जड झाले, आपण जागे आहोत की नाही ते कळेना. ममी बघायला नको म्हणणारी आई एका रंगीत शवपेटीपाशी थबकली. फळीवर एक बाई रंगवली होती, हातात पाण्याची सुरई.

माझ्या आठ वर्षांच्या लेकीनं खालची पाटी इंग्रजीत वाचली, मी मराठीत सांगत गेले. केबेहुत नावाची, मृतांच्या जगातली एक लहानशी देवी. देहाची ममी होईपर्यंत मेलेला माणूस ताटकळतो, तेव्हा ती त्याला थंड पाणी देते. हे चित्र तिचंच की आणखी कुणाचं, ते मात्र नक्की सांगता येत नाही.

"म्हणजे तोवर कुणीतरी असतं जवळ," आई म्हणाली आणि कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. मीही तिला हलवलं नाही.

परतताना गाडीतल्या उबेनं ती पेंगते आहे असं मला वाटलं. तेवढ्यात मागच्या सीटवर तिनं नातीला विचारलं, "मी गेले की मला पाणी देशील का गं?"

"शुअर, आजी," लेक खिडकीबाहेर बघत म्हणाली. "विथ आइस?"

"साधंच दे," आई हसून म्हणाली.

आमच्या घराकडची पार्सिपनीची एक्झिट आली तशी ती मला म्हणाली, "ते ग्रीन कार्डाचं काय असेल ते बघ."

मला हवं होतं तेच झालं होतं. पण मी तिला राहायला बोलावत होते आणि ती इथं मरायला तयार झाली होती.