पंचमीला उघडलेली पृथ्वी

मी पृथ्वीवर शेवटचा हात फिरवत होते. निळ्या समुद्रावर बारीक ब्रशने पांढऱ्या लाटा काढायच्या राहिल्या होत्या. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "तुझं ते झालं की दोडका आजच चिरून ठेव गं. उद्या पंचमी. विळीला हात लावायचा नाही."

"हो," मी म्हणाले आणि पुढची लाट काढायला घेतली. ती अर्धी झाली आणि ब्रश हातातच थांबला.

मी बेळगावात, टिळकवाडीत घरीच केक करते. ऑर्डर घेताना काय काय विचारायचं ते मला पाठ आहे. वजन किती, अंड्याचा की बिनअंड्याचा, न्यायला कोण येणार. नागपंचमी त्यात नव्हती. आमच्याकडे पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. शेतकरी त्या दिवशी जमिनीत कुदळसुद्धा मारत नाहीत, खाली नागाला लागेल म्हणून. आणि माझ्यासमोर टेबलावर होता उद्या संध्याकाळी कापायचा केक. तोही पृथ्वीचा. कापणं आणि खणणं, दोन्ही एकाच सुरीत.

केक होता निपाणीच्या मुक्तासाठी. तिला नववं वर्ष पूर्ण होणार होतं. तिची आई वर्षा वीज ऑफिसात नोकरीला आहे. ऑर्डर द्यायला दोघी आल्या होत्या, पण बोलली फक्त मुक्ता. "काकू, पृथ्वीचा केक पाहिजे. पण बाहेरनं न्हाय, आतनं."

मग कळलं की प्रकरण वाढदिवसाचं कमी आणि इभ्रतीचं जास्त होतं. पृथ्वीच्या पोटात मध्यभागी लोखंडाचा घट्ट गोळा असतो, असं मुक्ता शाळेत शिकून आली होती आणि तिने ते चुलतभावाला सांगितलं होतं. हा ओंकार तिच्याहून मोठा, सहावीत. तो म्हणाला, "खुळी हायस. आमच्या रानात लई खोल बोअर मारली, पाणीच लागलंय की. तुझं लोखंड कुठं हाय?" सगळी भावंडं हसली. तेव्हापासून घरात तिला 'लोखंडीण' अशी हाक सुरू झाली होती. वाढदिवसाला सगळ्यांना दाखवते, असं ती सांगून बसली होती.

मला पोर फार आवडली. मलाही जरा चेव चढला.

केक असा ठरला. पूर्ण गोळा न करता अर्धा, घुमटासारखा, सपाट बाजू खाली. वरून निळा समुद्र आणि हिरवी जमीन. हे झालं कवच, म्हणजे आपण ज्यावर राहतो ते. ते फॉन्डंटचं केलं. फॉन्डंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक, पोळीसारखी लाटून केकवर पांघरायची. त्याखाली लाल स्पंजचा जाड थर, ते प्रावरण. त्याच्या आत बाहेरचा गाभा. तो पातळ असतो, यावर मुक्ता अडून बसली. पातळ काही केकमध्ये राहत नाही, हे तिला समजावताना माझा घसा सुकला. शेवटी आंब्याचा रस चायना ग्रास घालून जमवायचा, असा तह झाला. तिची अट एकच, "थोडं हललं पाहिजे." आणि अगदी मध्ये लोखंड. तिथे मी आपला बेळगावचा कुंदा, म्हणजे आटवलेल्या दुधाची तपकिरी मिठाई, दाबून गोळा केला. रंग तसा, घट्टपणाही तसा.

हे सगळं सुरी फिरल्याशिवाय दिसणार नव्हतं. मी वर्षाला फोन लावला.

"वर्षा, उद्या पंचमी आहे."

"व्हय ताई. सुट्टी हाय म्हणूनच तर सगळी जमणार हायत."

"मग केक कशाने कापणार?"

पलीकडून आवाज आला, "अगं बाई!"

मुक्ताची आज्जी या बाबतीत कडक. आदल्या संध्याकाळीच विळी, सुऱ्या, अगदी कात्रीसुद्धा डब्यात घालून कपाटावर ठेवायची त्यांची पद्धत. वर्षा म्हणाली, "त्यांना विचारायची माझी तर छाती न्हाय. परवा कापावा म्हटलं, तर पोरं उद्याच रात्री गावाला परत जाणार." मागे मुक्ताचा आवाज येत होता. मग फोन तिनेच घेतला.

"काकू, म्हंजे आतलं दिसणार न्हाय का?"

"दिसेल," मी म्हणाले. कसं, ते मला माहीत नव्हतं. फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला. गिऱ्हाइकाला आधी शब्द द्यायचा आणि मग घाम पुसायचा, ही माझी जुनी खोड आहे.

सासूबाई दारात सगळं ऐकत होत्या. मी म्हणाले, "आई, आज कापलं तर?"

"आज काय, चतुर्थी. आज हवं ते काप. उद्याच्याला उद्याचं."

मग मी पृथ्वी त्याच दुपारी कापली. गरम पाण्यात सुरी बुडवून, पुसून, घुमटाचा चौथा भाग सुटा केला. त्याच्याखाली वेगळा पुठ्ठा सरकवला आणि पुठ्ठ्याला लाल रिबन लावली. कापलेल्या बाजूंना पारदर्शक प्लास्टिकचा कागद लावला, म्हणजे थर एकमेकांना चिकटू नयेत. मग तो तुकडा परत जागेवर ढकलला. रिबन ओढली की ड्रॉवरसारखा बाहेर यावा, असा बेत. राहिल्या वरच्या दोन फटी. एक समुद्रातून जात होती, ती लाटांच्या क्रीमने बुजवली. दुसरी भारतावरून. तिथे सह्याद्री उभा केला. तो हिमालयापेक्षा उंच झाला, पण त्याला इलाज नव्हता.

ओढून बघायची सोय नव्हती. एकदा ओढलं की फटी उघड्या पडणार आणि सगळं परत बुजवत बसावं लागणार. बिनअंड्याचा स्पंज मुळात भुसभुशीत. अंडं जे धरून ठेवतं, ते इथे कुणी धरत नाही. त्याला अशी उचलठेव सोसत नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गाडी चालवली आणि मी केक मांडीवर घेऊन बसले. श्रावणातली हवा. फॉन्डंटला दमटपणा लागला की घाम फुटतो, म्हणून एसी इतका लावला की नवरा स्वेटर मागायला लागला. तवंदीच्या घाटात प्रत्येक वळणाला मी त्याला "हळू" म्हणत होते. शेवटी तो म्हणाला, "पृथ्वी फिरतेच की, जरा फिरू दे." मी त्याच्याशी निपाणीपर्यंत बोलले नाही.

घर माणसांनी भरलं होतं. उंबऱ्यातच आज्जींनी अडवलं.

"सुरी न्हाय न्हवं आणलीस?"

"नाही आज्जी."

"मग कापणार कसं?"

"कापायचं नाही. ओढायचं. कापलंय कालच."

त्यांनी क्षणभर विचार केला. "काल कापलंय म्हंजे कालच्या खात्यात. ये आत."

मला इतकं हलकं वाटलं की चप्पल काढायची राहिली आणि तशीच आत निघाले होते.

औक्षण झालं. या घरात मेणबत्ती विझवत नाहीत, निरांजन ओवाळतात. मग मुक्ताने रिबन धरली. सगळी भावंडं टेबलाभोवती, ओंकार सगळ्यात पुढे. तिने ओढलं. काही झालं नाही. आणखी जोरात ओढलं, तर अख्खी पृथ्वी बोर्डासकट तिच्याकडे सरकली.

"बोअर मारायची काय?" ओंकार म्हणाला. पोरं फिदीफिदी हसली. मुक्ताचे डोळे भरले, पण तिने रिबन सोडली नाही.

मला कारण दिसलं. घाम फुटलेला फॉन्डंट फटीत पुन्हा एकजीव झाला होता. एरवी सुरीचं टोक फिरवलं की काम झालं असतं. आजूबाजूला पाहिलं. ताटांत पंचमीची पुरणाची दिंडं वाढून ठेवलेली, शेजारी तुपाची वाटी. मी बोट तुपात बुडवलं आणि फटीवरून हळूहळू फिरवायला लागले, समुद्रातून वर आणि सह्याद्रीवरून खाली. साखर मऊ होऊन सुटत गेली.

"हे कापणं झालं काय गं?" आज्जींचा आवाज आला.

बोट तिथेच थांबलं. सगळे आज्जींकडे बघायला लागले. त्यांनी जवळ येऊन वाकून पाहिलं.

"बोट म्हंजे सुरी न्हवं," त्या म्हणाल्या. "चालू दे."

मुक्ताने पुन्हा ओढलं आणि तुकडा सरसर बाहेर आला. मी दोन्ही बाजूंचे कागद सोलून काढले. पातळ निळं कवच, लाल प्रावरण, पिवळाधमक आंबा आणि मध्ये तपकिरी कुंदा. आंबा थरथरला. पडला नाही. मी श्वास सोडला तो शेजारच्या खोलीत ऐकू गेला असेल.

ओंकार वाकून बघत होता. "आन् पाणी कुठं हाय?" त्याने विचारलं, पण आवाज खाली आला होता.

मुक्ताने नखाने निळ्या कवचावर एक बारीक ओरखडा काढला. तो कवचाच्याही आरपार गेला नाही. "ही तुमची बोअर," ती म्हणाली. "हितनं लोखंड कसं लागंल?"

सगळ्यात आधी तिचे आजोबा हसले. मग ओंकारही हसला. त्यानेच पुढे होऊन विचारलं, "कुंदा मला मिळंल काय?"

वाटायचं काम आज्जींनी घेतलं. "मोडून द्यायचं हातानं. भाकरी कवा सुरीनं खाल्लीय काय?" तुकडे मोडता मोडता त्या नातीला म्हणाल्या, "सगळं बरोबर हाय गं. पण पृथ्वी शेषाच्या डोस्क्यावर असती. आज त्याचाच सण. त्यो कुठं दाखवलास?"

मला वाटलं, आता पुन्हा गाडी अडली. मुक्ताने आधी आज्जीकडे पाहिलं, मग बोर्डाकडे.

"त्यो खाली हाय आज्जी," ती म्हणाली. "म्हणून तर सुरी लावली न्हाय."

आज्जींनी मधल्या कुंद्याचा सगळ्यात मोठा तुकडा तिच्या तोंडात घातला. परतताना घाटात मी नवऱ्याशी बोलले. त्याने कितीही वेगाने गाडी हाणली तरी चाललं असतं.

आता ऑर्डर घेताना वजन आणि अंड्याच्याही आधी मी एक विचारते, "त्या दिवशी तुमच्या घरात सुरी चालते ना?" शहरातली नवी गिऱ्हाइकं हसतात. मग फोन धरून ठेवायला सांगतात आणि आत कुणाला तरी विचारून येतात.