काडीमावशींचे मलम

ओठाच्या कडेला तापाचे फोड उठले, की गल्लीतले लोक थेट काडीमावशींचे दार गाठत. ज्येष्ठमध मुरवलेले तेल, मेण आणि कोरफडीचा गर, एवढ्यावर त्यांचे मलम होई. गर घाईने ओतला तर तेल वेगळे होऊन मलम फुटते. म्हणून मावशी थेंब थेंब घालून तासभर घोटत. डबीसोबत कापूस गुंडाळलेल्या दहा काड्या देत. एकदा लावली की काडी कचऱ्यात. डबीत बोट बुडवणाऱ्याची धडगत नसे.

"मलमापेक्षा काड्याच जास्त खपतात," नवरा चिडवी. "उद्या सुतारकामाला लाग."

"आधी तुमचं तोंड तासते," मावशी म्हणत.

लग्नानंतर नऊ वर्षांनी लेकीला मुलगा झाला. तो पंधरा दिवसांचा होताच लेकीने त्यांना बोलावून घेतले. बॅग भरून झाली आणि निघायच्या सकाळीच मावशींचा ओठ चुरचुरू लागला. आरशात पाहिले, लालसर ठिपका होता. त्यांनी लगेच लेकीला फोन लावला.

"आई, तुझंच मलम लाव की. दोन दिवसांत खपली धरते, असं तूच सगळ्यांना सांगतेस."

"खपली धरली म्हणजे लागण संपली, असं कधी सांगितलं मी? मलमाने आग शमते, ओठ तडकत नाही. बाकी फोड आपल्या वेळेनेच जातो. तान्ह्या बाळाला हे लागलं तर जिवावर बेततं."

"लांबून बघ. पापा घेऊ नकोस."

"मला माझा भरवसा नाही गं."

लेक रागावून म्हणाली, "मी इथे एकटी जागते आहे, आणि तू ठिपका मोजत बस."

हे मावशींच्या जिव्हारी लागले. बॅग उघडी पडलेली, नवरा रिक्षा आणायला चप्पल घालून उभा. दोन दिवस मलम लावले असते तर कुणाला दिसलेही नसते.

"तुम्ही जा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "लंगोट धुवा, तिला झोपू द्या."

"मी? लंगोट?"

"शिकाल."

तो गेला. मावशी रोज काडीने मलम लावत राहिल्या, दर वेळी साबणाने हात धूत राहिल्या. दहाव्या दिवशी खपली आपोआप गळली. तरी, खाली कोवळी कातडी नीट धरते का ते पाहायला, त्या आणखी दोन दिवस थांबल्या.

तेराव्या दिवशी लेकीने दार उघडले आणि बाळ त्यांच्या हातात दिले.