पट्टा कडक हवा

टेक्ससमधल्या शुगर लँड गावात मी घरं विकते. त्याआधी बारा वर्षं एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं. लेऑफ झाला तेव्हा पंचेचाळिशी उलटली होती आणि पुन्हा इंटरव्ह्यू देत फिरायची ताकद उरली नव्हती. म्हणून रिअल इस्टेटची परीक्षा दिली. घरं विकणं म्हणजे प्रत्यक्षात रिकामी घरं अनोळखी माणसांना उघडून दाखवणं. दाराला अडकवलेल्या छोट्या पेटीतून किल्ली काढायची, आत जाऊन दिवे लावायचे, पडदे उघडायचे आणि हसतमुखाने उभं राहायचं.

एका मे महिन्यात, भर दुपारी, एक माणूस एकटाच घर बघायला आला. इस्त्रीचा शर्ट, मऊ बोलणं. वरच्या मजल्यावरच्या मोठ्या बेडरूममध्ये खिडकी उघडायला मी पुढे गेले आणि वळून बघते तर तो दारात उभा. नुसता उभा. त्याने विचारलं, मी नेहमी एकटीच येते का. मी म्हटलं, चला, किचन बघू. तो हसला, पण हलला नाही. मी पुन्हा म्हटलं. तो पुन्हा हसला. बाहेर कुणीतरी मशीनने पाला उडवत होतं, त्या आवाजात मी ओरडले असते तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग खाली बेल वाजली. घरमालकाने एसी दुरुस्तीला माणूस बोलावला होता, तो एक तास लवकर आला होता. दारातला तो माणूस बाजूला सरकला, जिना उतरला, घर छान आहे म्हणाला आणि निघून गेला. त्याने दिलेला फोन नंबर नंतर लागलाच नाही.

पोलिसांना काय सांगणार? एक माणूस दारात उभा राहून हसला? नवऱ्याला एवढंच सांगितलं की आज एक क्लायंट जरा विचित्र होता. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "असतात यार असे लोक." मी पण तो विषय तिथेच सोडला.

पण अंगाने सोडला नाही. त्यानंतर प्रत्येक घराचं दार उघडताना माझे खांदे आखडायचे. क्लायंटला पुढे चालू द्यायचं, गाडी ड्राइव्हवेमध्ये न लावता रस्त्यावर लावायची, ऑफिसला कळवून जायचं, हे सगळं मी करू लागले. घरी आले की चप्पलसुद्धा न काढता सोफ्यावर बसून राहायचे. काम तेवढंच होतं, दमणूक दुप्पट झाली होती. आमच्या ऑफिसातल्या एका बाईने एकदा जॅकेट जरा बाजूला करून मला तिच्या कमरेचं पिस्तूल दाखवलं. "आय स्लीप बेटर," एवढंच म्हणाली.

टेक्ससमध्ये आता लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण मला रीतसर शिकायचं होतं. एक छोटं पिस्तूल विकत घेतलं आणि शनिवारी क्लास केला. शिकवणारी बाई निवृत्त शाळामास्तरीण होती. मी नेम बरा धरला. शेवटी ती म्हणाली की पिस्तूल निवडणं हा सोपा भाग होता, आता होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि पट्टा, आणि त्यात घाई करू नकोस. मला वाटलं, पट्ट्यात काय निवडायचं असतं?

त्या वेळी माझे सासरे सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सातारा जिल्ह्यात फौजदार म्हणून निवृत्त झालेले. मितभाषी माणूस. सकाळी उठून अंगणातल्या गवताभोवती वीस फेऱ्या मारायचे आणि मग दिवसभर काय करायचं हा त्यांचा प्रश्न. मी पिस्तुलाची पेटी घेऊन आले तेव्हा ते डायनिंग टेबलाशी मटार सोलत बसले होते.

"कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं, बाबा."

मला वाटलं, आता का म्हणून विचारतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी दोन शेंगा सोलल्या आणि विचारलं, "लावणार कशात?"

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले. जाताना गाडीत त्यांनी एक हकीगत सांगितली. त्यांच्या ठाण्यात एक जमादार होते. त्यांच्या रिव्हॉल्व्हरचं चामड्याचं म्यान जुनं होऊन मऊ पडलं होतं. नवीन मागवा म्हणून सगळे सांगत होते, ते म्हणायचे चालतंय. एकदा रिव्हॉल्व्हर परत घालताना चामड्याची घडी आत वळली आणि चापात अडकली. गोळी त्यांच्याच मांडीत गेली. "चोर ना दरोडेखोर," बाबा म्हणाले, "स्वतःच्या खुर्चीजवळ, चहा यायच्या आत. लंगडतच रिटायर झाले."

दुकान मोठं आणि थंडगार होतं. भिंतभर होल्स्टर टांगलेली. माझ्याच वयाची एक बाई काउंटरवर होती. तिने आधी विचारलं की मी कामाला कोणते कपडे घालते. मी अंगावरचेच दाखवले: ताणणाऱ्या कापडाची काळी पँट आणि वर कुर्ती. तिने नकारार्थी मान हलवली. त्या पँटला पट्टा ओवायला लूपच नव्हते. माझ्याकडे लूप असलेल्या दोनच पँट होत्या, दोन्ही आता कमरेला होत नव्हत्या.

"पर्समध्ये ठेवलं तर?" मी विचारलं.

ती म्हणाली की पहिल्यांदा हिसकावली जाते ती पर्सच. शिवाय किचनच्या ओट्यावर पर्स ठेवून क्लायंटला बाथरूम दाखवायला गेलीस, की पिस्तूल ओट्यावर राहिलं. हे बाबांना मराठीत सांगितलं तर म्हणाले, "बरोबर बोलतीय बाई."

पोटाला गुंडाळायचा इलॅस्टिकचा पट्टा मला फार आवडला. मऊ होता, कुर्तीखाली दिसत नव्हता. बाबांनी तो हातात घेतला, पिस्तूल जिथे बसतं त्या कापडावर अंगठ्याने दाबलं आणि मला परत दिला. "चाप झाकला पाहिजे. असा झाकला पाहिजे की बाहेरून दाबता येता कामा नये. हे तर बनियनचं कापड आहे." मग त्यांनी भिंतीवरून कडक प्लॅस्टिकचं एक होल्स्टर काढायला लावलं. पँटच्या आतल्या बाजूने बसणारं, वर पट्ट्याला पकडणारी क्लिप. दुकानातल्या बाईने त्यात सरावासाठीचं निळं, खोटं पिस्तूल सरकवलं. टक् असा आवाज झाला. बाबांनी ते उलटं धरून हलवलं. पडलं नाही. इंग्रजीचा एक शब्द न बोलता दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली.

पट्टा निवडायला त्याहून जास्त वेळ गेला. मी एक नाजूक, विणलेला पट्टा उचलला. बाबा म्हणाले, "कडक हवा. मऊ पट्टा वजनाने लोंबतो, म्हणजे तू दिवसभर पँट वर ओढत राहणार. आणि जो सारखा कमरेला हात लावतो त्याच्याकडे काय आहे ते सगळ्या गावाला कळतं." शेवटी आत पातळ पत्रा घातलेला, बाहेरून साध्या चामड्यासारखा दिसणारा पट्टा घेतला. तिथलीच लूपवाली एक पँट घेऊन चढवली आणि सगळं लावून खुर्चीत बसून बघितलं, वाकून बघितलं, वरच्या कपाटाकडे हात करून बघितलं. बसल्यावर होल्स्टरची कड पोटात रुतत होती. पुढून काढून उजव्या कुशीकडे सरकवलं तर बसणं जमलं, पण कुर्ती तिथे फुगायची. काउंटरवरची बाई म्हणाली की आरामशीर काहीच नसतं, सहन होण्यासारखं असतं. ट्रायल रूमच्या आरशात मला एक थकलेली, कमरेत जाड झालेली बाई दिसली, जी आपण बिनहत्यारी दिसावं म्हणून धडपडत होती.

पुढचे पंधरा दिवस रिकामं पिस्तूल लावून मी घरात वावरले. पोळ्या लाटल्या, डिशवॉशर भरला, गाडीचा सीटबेल्ट लावला आणि सोडला, रोज आरशासमोर कुर्ती उचलून मुठीला हात घालायचा सराव केला. गोळ्या वरच्या मजल्यावर तिजोरीत. बाबा लांबून बघायचे आणि "दिसतंय" किंवा "नाही दिसत" एवढंच सांगायचे. ऑस्टिनला शिकणारी लेक वीकेंडला आली, तिने दारातच मिठी मारली आणि मागे झाली. "आई, व्हॉट इज दॅट?" मी सांगितलं. जाताना तिने लांबूनच हात हलवला.

मग कामावर लावायला लागले. झोप बरी लागेल असं ती ऑफिसातली बाई म्हणाली होती. मला उलट आणखी एक काम लागलं. कुठे पिस्तूल आणू नका असा बोर्ड लावलाय, कुठे चालत नाही, मराठी मंडळाचा कार्यक्रम एखाद्या शाळेत असला तर आधी घरी येऊन काढून ठेवायचं. संध्याकाळी पट्टा सोडला की कमरेवर लाल वळ उठलेला असायचा.

ऑगस्टमध्ये एका रिकाम्या घरी एक उंच, धिप्पाड माणूस आला. साठीचा असेल. त्याला मी पुढे चालू दिलं, तसं तो पुढे गेला. मी हॉलमध्ये थांबले. बराच वेळ तो परत येईना. हाक मारली, उत्तर नाही. आत जाऊन बघते तर तो मागच्या बेडरूमच्या दारात माझ्याकडे पाठ करून उभा, पूर्ण दार अडवून. धातूचा सर्र असा आवाज झाला. माझा डावा हात कुर्तीच्या कडेला गेला आणि कुर्ती वर उचलली गेली. उजवा हात पिस्तुलाच्या मुठीवर होता. मी काही ठरवलं नव्हतं. पंधरा दिवसांच्या सरावाने ठरवलं होतं.

तो वळला. त्याने माझे हात बघितले. हातातली धातूची मोजपट्टी त्याने हळूच जमिनीवर ठेवली आणि दोन्ही पंजे मला दिसतील असे समोर धरले.

"मॅम," तो म्हणाला, "मी दार मोजतोय. माझ्या आईच्या व्हीलचेअरसाठी. मला कमी ऐकू येतं, तुम्ही हाक मारली असेल तर."

मी हात काढला. कुर्ती खाली केली. सॉरी म्हणाले, पुन्हा म्हणाले, मग तिथेच कार्पेटवर बसले. तो जवळ आला नाही. तिथूनच त्याने विचारलं, "तुम्हाला आधी कुणीतरी घाबरवलंय का?"

आणि जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते त्या परक्या माणसाला सगळं सांगितलं. तो दाराला टेकून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, त्याने माझ्याविरुद्ध तक्रार करायला हवी खरं तर, पण तो करणार नाही. मात्र मी घरी जाऊन हे कुणाला तरी सांगावं.

त्या दिवशी स्वयंपाक करता करता नवऱ्याला सांगितलं. मे महिन्यातलं आणि आजचंही. बाबा शेजारीच बसले होते. नवऱ्याने गॅस बंद केला.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाला असतास, सोड हे काम."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. मग माझ्या हातातला झारा काढून ठेवत, "मी मान वर करून ऐकायला हवं होतं."

बाबा एवढंच म्हणाले, "पोरी, आम्ही गस्तीला कधीच एकटे जात नव्हतो. दोघं असायचो. हत्यार नंतर."

दुसऱ्या दिवसापासून बाबा माझ्याबरोबर येऊ लागले. रिकाम्या घरात फोल्डिंग खुर्ची टाकून हॉलमध्ये बसायचे. क्लायंटना वाटायचं, हेच घरमालक. बऱ्याच दिवसांनंतर त्यांना काम मिळालं होतं आणि ते रोज दाढी करून तयार असायचे. ते भारतात परतल्यावर मी ऑफिसातल्या त्या बाईशी बोलले. आता घरं आम्ही जोडीने दाखवतो आणि कमिशन वाटून घेतो. पिस्तूल बहुतेक दिवस तिजोरीतच असतं. विकून टाकावं असं अजून ठरवता आलेलं नाही.

त्या उंच माणसाला ते घर चाललं नाही, बाथरूमचं दार अरुंद निघालं. त्याने मलाच दुसरं शोधायला सांगितलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. सप्टेंबरमध्ये, बाबा इथे असतानाच, मिळालं. ते बघायला तो आईला घेऊन आला आणि मी बाबांना. नव्वदीची ती म्हातारी आणि बाबा मागच्या अंगणात शेजारी शेजारी बसले. एकमेकांची भाषा दोघांनाही येत नव्हती. ती झाडाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, बाबा "हो, हो" म्हणाले. आम्ही आत दारं मोजत होतो. मी मोजपट्टीचं एक टोक धरलं होतं, तो दुसरं. आकडे मी मोठ्याने सांगत होते, त्याला ऐकू जावेत म्हणून.