तळपायाची तीट

बाळांच्या कपड्यांचं शूट होतं. उजेड, पडदे, खुळखुळे, झोपेच्या वेळा, सगळं मी आधीच ठरवलं होतं. एका तान्ह्या मुलीच्या गालावरची तीट तेवढी हिशेबात धरली नव्हती. फोटोत डाग दिसेल असं मी म्हटल्यावर तिच्या आईने ती पुसली आणि बाळाच्या तळपायाला नवी लावली.

"इथे चालेल ना, ताई?"

मग दिवसभर मी त्या बाळाला कॅमेऱ्यातून निरखत राहिले. आपलं लेकरू असं कुणाला टक लावून बघू देणं, केवढा विश्वास हा.

निघताना आईने पुन्हा काजळाची डबी उघडली आणि माझ्या कानामागे बोट टेकवलं.

"तीही दिवसभर तुमच्याकडेच बघत होती."

घरी आल्यावर तोंड धुतलं, पण कानामागे पाणी लागू दिलं नाही.