देवीला सोडलेला चहा

मी आष्ट्याहून बेंगळुरूला निघाले त्या दिवशी आईने चहा सोडला.

मिरजेहून दुपारची गाडी होती. निरोप द्यायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आईने सगळ्यांना चहा दिला, स्वतः घेतला नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "देवीला बोललीया. पोरगी नोकरीत कायम हुईस्तोवर च्या न्हाई."

"मग तुमची म्हस आता निवांत बसंल म्हणायची," काकू म्हणाल्या. बायका हसल्या. आईचं पातेलं सकाळपासून चुलीवरून उतरत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बेंगळुरूच्या एका कॉलेजात ग्रंथालयात लागले होते. कायम व्हायला दोन वर्षं होती. कन्नड येत नव्हतं. 'स्वल्प कॉफी' हे मी शिकलेलं पहिलं कन्नड. स्टीलच्या वाटीत फेस आणलेली ती कॉफी दिवसातून पाच-सहा वेळा होऊ लागली. पहिल्या वर्षी मी बॅग दोनदा भरली आणि दोनदा रिकामी केली. परत गेले तर आईने सोडलेलं फुकट जाईल, एवढाच विचार मला अडवायचा. तुमच्यापैकी जे असे दूर गेले आहेत त्यांना हे सांगायला नको. आपल्यासाठी घरी कुणी काय सोडलं, ते आपण बरोबर घेऊन फिरतो.

कायम झाल्याचं पत्र घेऊन घरी गेले, तेव्हा आलं ठेचून मीच चहा केला. आईने कप कौतुकाने हातात धरला आणि माझ्या वडिलांपुढे, आबांपुढे सरकवला. "मन उडालं बघ त्याच्यावरचं," म्हणाली. मला वाईट वाटलं. पण ती खरंच बरी दिसत होती. दुपारी मळ्यापर्यंत चालत जायची. आबा म्हणायचे, "तू गेल्यापास्नं ही घोराय लागलीया. मलाच झोप न्हाई."

गेल्या वर्षी आई गेली. तेराव्याला तिच्या आवडीचं ताट केलं. आत्या कप घेऊन आली. "वैनीला च्या लय आवडायचा. ठेवा की. नवस तर कवाच फिटला."

"ठेवू नगंस," आबा म्हणाले. "नवस न्हवताच त्यो."

मग आबांनी सांगितलं. मी निघायच्या आधी महिनाभर आईच्या छातीत धडधड व्हायची, रात्र रात्र डोळा लागायचा नाही. आबा तिला सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या मिळाल्या आणि चहा बंद करायला सांगितलं. आबांनी गल्लीत खरं तेच सांगू म्हटलं, तर आई म्हणाली, "डाक्टरचं नाव सांगितलं की म्हंतील, अर्ध्या कपानं काय हुतंय. देवीचं नाव काढलं की कोण आग्रह करत न्हाई. आणि पोरीला कळलं तर ती जायची न्हाई."

आत्या कप घेऊन आत गेली.

आईचं म्हणणं खरं होतं. मी गेले नसते. गेल्यावर कळलं असतं तर पहिल्या गाडीने परत आले असते, आणि आईच्या आजाराचं निमित्त मिळालं म्हणून मला मनातून हायसं वाटलं असतं. हे लिहायला जड जातं. तिने मला ओळखलं होतं.

बेंगळुरूला परतल्यावर मी कॉफी बंद केली, चहाही. कॉफीने हात थरथरायला लागले होते, झोप कित्येक वर्षं धड नव्हती. दुसऱ्या दिवशी कपाळ असं ठणकायला लागलं की कपाटांवरचे क्रमांक वाचता येईनात. जांभया थांबत नव्हत्या, उगाच कुणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. चौथ्या दिवशी ते उतरलं. त्या चार दिवसांत मला माझा बेंगळुरूतला पहिला आठवडा आठवला. मी रोज संध्याकाळी फोन करायची आणि आई दोन वाक्यांत आटपायची, "भाकरी टाकायच्यात, ठेव." मी खोलीत बसून रडायची. ही मला इतक्या लवकर विसरली, असं वाटायचं. तिचं डोकं तेव्हा असंच ठणकत असणार. तसल्या डोक्याने ती गल्लीतल्या आल्यागेल्याला चहा करून देत होती, आणि फोनवर एकदाही कण्हली नाही. इतकी पुस्तकं हाताखालून गेली, पण एवढा निग्रह मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

आता दोन महिन्यांतून एकदा आष्ट्याला जाते. आबा स्वतःपुरता एक कप चहा करतात आणि पायरीवर बसून पितात. गल्लीत कुणी मला चहाचा आग्रह केला, तर डॉक्टरांचं नाव घेत नाही, देवीचंही नाही. नको म्हणते. कुणाला राग येतो, कुणाला येत नाही. बेंगळुरूत नोकरी आहे. आष्ट्यात आबा आहेत.