नावाआधीचं ‘कै.’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड ठाऊक नाही.

धारूरला कॉलेजात मी मराठी शिकवतो. सुमनताई कोकरे चकलांब्याच्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मेंढपाळाच्या घरातल्या. मेंढरांचे रंग, आजार, त्यांना घालायच्या हाका — असे शब्द त्यांनी अकरा वर्षं वस्त्या-वस्त्यांवर फिरून वह्यांत उतरवले. मी त्या शब्दांची मुळं शोधली, प्रस्तावना लिहिली. पुस्तक दोघांचं. म्हणजे — जास्त कुणाचं, ते तुम्हाला कळलंच असेल.

प्रकाशक मिळेना. एकाला विषय फार बारीक वाटला, एकानं बाड न उघडता परत पाठवलं, एक म्हणाला, कादंबरी असेल तर द्या. तीन वर्षं अशीच गेली. मग पुण्याच्या एका नावाजलेल्या प्रकाशकाचा होकार आला! अट एकच — शेवटचं प्रकरण गाळायचं. ज्या बायकांनी हे शब्द सांगितले त्यांची नावं, त्यांची हकिकत त्यात होती. संपादकांना ते अभ्यासाबाहेरचं वाटत होतं. करारावर दोघांच्या सह्या हव्या होत्या.

ताई ऐकेनात. “सर, शब्द त्यांचे हायेत. नावं काढून मला पुस्तक न्हाई पायजे. दुसरा प्रकाशक बघा.”

दुसरा? कुठून आणू दुसरा?

आठवडाभर करार टेबलावर पडून होता. मग एका दुपारी, तासाला जायच्या आधी, प्रकाशकांना मेल लिहिला — सहलेखिका नुकत्याच वारल्या. जवळचं कुणी नाही. यापुढचं मीच बघेन.

पाठवला, आणि वर्गात जाऊन समास शिकवले. एखादं उदाहरण चुकलं? एकही नाही. आजही त्याच गोष्टीनं मी हादरतो.

ताईंना सांगितलं, पुण्याचाही नकार आला.

वर्षभरात पुस्तक आलं. मुखपृष्ठावर माझं नाव, आणि त्याखाली — कै. सुमन कोकरे. पार्सल उघडून मी ती ओळ पुन्हा वाचली. आत संपादकांनी दोन ओळींची श्रद्धांजलीसुद्धा वाहिली होती. मला काय वाटलं होतं? मी लिहिलेलं कुणी खरं धरणार नाही?

चार महिन्यांनी ताई कॉलेजात आल्या. संभाजीनगरला शिकणाऱ्या भाचीनं पुस्तक आणून दिलं होतं.

“सर, मी कवा मेले?”

त्या हसत होत्या. माझं तोंड लगेच चाललं — छापखान्याची चूक, ताई. प्रकाशकांनी ऐनवेळी होकार दिला, तुम्हाला एकदम पुस्तकच हातात द्यायचं होतं मला.

“असू द्या. खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात.”

विश्वास ठेवला हो त्यांनी! माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, चष्मा लावला आणि शेवटची पानं उघडली. गाळलेल्या प्रकरणात पहिलं नाव त्यांच्या आईचं होतं. बोट एकेका ओळीवरून गेलं. पानं मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग बोट थांबलं.

तेव्हा तरी बोलता आलं असतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“माझं जाऊ द्या, सर,” त्या सावकाश म्हणाल्या. “पर त्या बायांला काहून मारलं?”

पुस्तक टेबलावर ठेवून त्या उठल्या. दारापर्यंत पोचवायलाही मी गेलो नाही.

गेल्या वर्षी प्रकाशकांचं पत्र आलं. दुसरी आवृत्ती काढतोय, काही दुरुस्त्या आहेत का?

मी कळवलं — नाहीत.

ती आवृत्तीही निघाली. सुमनताई चकलांब्यातच राहतात. तब्येत ठणठणीत आहे.