न सापडलेला ळ

आज जुन्या फाईलमध्ये आमच्या शाळेचे क्लार्क सलीमभाई यांचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज सापडला. निळ्या शाईत, हाताने लिहिलेला.

टाइपरायटरवर त्यांची बोटं न बघता चालायची. मुख्याध्यापक म्हणून मराठी टायपिंगचं नवं सॉफ्टवेअर मीच निवडलं, त्यांना न विचारता. त्यात इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहायचं होतं.

"सर, ह्याच्यात ळ कुठं हाय? लई हुडकला, सापडंना."

"सापडेल हो, सोपं आहे," म्हणत मी वर्गावर गेलो.

पुढे त्यांच्या पत्रांत शाळेचं 'विद्यालय' झालं, वेळेचा 'समय'. भाषा सुधारली म्हणून मी सर्वांसमोर त्यांचं कौतुक केलं. ते खाली बघून हसले होते.

या अर्जात 'विद्यालय' कुठेच नाही. 'शाळा' मात्र सात वेळा आहे.